पंचमीची साडेसहा मिनिटं

पेनड्राइव्हमध्ये अकरा फायली होत्या आणि अकराच्या अकरा एकाच वजनाच्या: ४४ बाइट. भाचीनं त्या २०१८ साली मोठ्या हौसेनं कॉपी करून ठेवल्या होत्या. "मावशी, आत्तीआजीची हादग्याची सगळी गाणी आहेत बघ यात. पण एकपण लागेना. तीन प्लेअर झाले."

आत्ती म्हणजे माझी आत्या. कोल्हापुरात आत्याला आम्ही आत्तीच म्हणतो. ती २०२२च्या चैत्रात गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा घरात सगळ्यांना एकदम तिचा आवाज हवासा झाला, आणि मग कळलं की आवाज आहे असं आम्ही नुसतं धरून चाललो होतो.

४४ बाइटांत आवाज मावत नाही. सीडीवरच्या गाण्याला एका सेकंदासाठी १,७६,४०० बाइट लागतात. या हिशेबानं ४४ बाइट म्हणजे सेकंदाचा चार हजारावा भाग. तेवढ्यात आत्तीचे ओठसुद्धा उघडले नसते. ऑडिओ सीडी संगणकात घातल्यावर विंडोज ज्या ‘सीडीए’ फायली दाखवतं, त्यांत गाणं नसतंच. गाणं चकतीवर कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढं लिहिलेली ती चिठ्ठी असते. भाचीनं पोरीच्या विश्वासानं अकरा चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. गाणी चकतीवरच राहिली होती, आणि चकती आत्तीच्या दुधाळीतल्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत. त्या घरात २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं होतं.

ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी सीडी मिळाली, वाळलेल्या गाळाची पापुद्री धरलेली. वर चिकटवलेला कागद एका कडेनं सुटला होता आणि तो ओढून काढायचा मोह फार होत होता. काढला नाही ते बरं झालं. सीडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो, पण खरी नाजूक बाजू वरची असते. माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, कागदाबरोबर तोही सोलून येऊ शकतो. साध्या पाण्यात धुतली, मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली. गोल फिरवून पुसायचं नाही. गोल चरा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडव्या चऱ्यानं दर फेऱ्याला थोडंथोडं जातं, आणि तेवढं भरून काढायची सोय सीडीतच केलेली असते. मग ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. खराब जागी अडखळला की तो तीच जागा पुन्हापुन्हा वाचत राहतो. सकाळी नऊ गाणी स्वच्छ होती, दोनांत मध्येमध्ये टिचक्या. आत्तीचा आवाज तिच्या पन्नाशीतला, भरदार, आणि मागे आमच्या वाड्यातल्या बायकांचा कालवा. आईनं कुकर बंद केला आणि पाटावर बसून राहिली.

त्या सकाळपासून मी घरातले सगळे फोन, कार्डं, डबे धुंडाळायला लागले. आत्ती गात होती आणि आम्ही दहा-बारा वर्षं जे हाताला लागेल त्यावर तिला रेकॉर्ड करत होतो. २०१०च्या सुमाराचा बटणांचा नोकिया. २०१२ मध्ये भावानं घेतलेला सेलवरचा छोटा रेकॉर्डर. नंतरचे स्मार्टफोन. व्हॉट्सॲप. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि न लागण्याचं कारणही वेगळं.

नोकियाच्या कार्डानं सुरुवातीलाच घाबरवलं. संगणकात घातलं की ‘हे कार्ड फॉरमॅट करावं लागेल’ असा निरोप यायचा. ते घेऊन मी एका दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, करप्ट आहे. फॉरमॅट मारू का? कार्ड चालू होईल." कार्ड मला नकोच होतं, कार्डातली बाई हवी होती. मी ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. आज त्या मुलाचा राग येत नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: दुखणाऱ्या कार्डावर काहीही लिहू नका, फोटो काढू नका, फॉरमॅट तर नाहीच. आधी त्याची जशीच्या तशी नक्कल करून घ्या आणि जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर करा. बहुतेक वेळा मोडलेली असते ती अनुक्रमणिका. पानं जागेवर असतात. ‘फोटोरेक’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम अनुक्रमणिकेकडे बघतच नाही, सगळी पानं चाळून ओळखीच्या सुरुवाती शोधतो. नाव फोटोचं, पण तो आवाजाच्या फायलीही काढून देतो. त्यानं मला सतरा फायली काढून दिल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. पण सतरा.

त्याही लागेनात. भाच्यानं फायलींच्या शेपटीला असलेलं ‘एएमआर’ खोडून ‘एमपीथ्री’ करून बघितलं. खूप जण हेच करतात. काकवीच्या बरणीवर मधाची चिठ्ठी लावली म्हणून आत मध होत नाही, उलट पुढच्या माणसाची फसगत होते. फाईल काय आहे ते तिच्या नावावरून ठरत नाही, तिच्या पहिल्या काही बाइटांवरून ठरतं. नोटपॅडमध्ये उघडली तर बाकी सगळा कचरा दिसतो, पण सुरुवातीला ओळख लिहिलेली असते. वेव्ह फाईल असेल तर ‘आर-आय-एफ-एफ’ ही चार रोमन अक्षरं. व्हॉट्सॲपचा आवाज असेल तर ‘ओ-जी-जी-एस’. नोकियाच्या या फायलींत ‘ए-एम-आर’ अगदी उघड लिहिलेलं होतं. एवढंही करायचं नसेल तर ‘मीडियाइन्फो’मध्ये फाईल टाका, तो सगळी कुंडली मांडून देतो: डबा कुठला, डब्यातला पदार्थ कुठला, सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे किती मोजमापं. डबा (फायलीची बांधणी) आणि पदार्थ (आवाज दाबून ठेवायची पद्धत) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. प्लेअरला डबा उघडता येतो, पण आतला पदार्थ ओळखता येत नाही, असंही होतं, आणि आपण म्हणतो फाईल खराब आहे. फाईल धडधाकट असते.

आमच्या सतरा ‘व्हीएलसी’ या प्लेअरमध्ये सरळ लागल्या.

लागल्या, आणि मला रडू आलं, पण ते वेगळ्या कारणानं. आत्ती हादग्याचं गाणं म्हणताना हातानं ठेका धरायची. दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या, त्यांचा आवाज गाण्याचाच भाग होता. या रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या नाहीत. टाळी आहे, बांगडी नाही. ‘स’ आणि ‘श’ एकसारखे ऐकू येतात. एएमआर ही पद्धत फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली. ती सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेते, म्हणून ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच तिच्यात येऊ शकत नाही. ‘स’चा सळसळाट आणि काचेची किणकिण राहते बरीचशी त्या रेघेच्या वर. बांगड्या फाईल बिघडल्यानं गेल्या नव्हत्या. त्या आत आल्याच नव्हत्या.

भाचा म्हणाला, "मग वेव्हमध्ये कन्व्हर्ट करूया, क्वालिटी वाढेल." वाढत नाही रे बाळा. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन मोठं झालेलं हे गाव, इथे तरी हे पटायला हवं: पाणी घातलेलं दूध मोठ्या चरवीत ओतलं म्हणून दाट होत नाही. फाईल मोठी होते, इतकंच. आणि एमपीथ्रीत पुन्हा दाबली तर उरलंय त्यातलंही थोडं जातं. म्हणून मी मूळ सतरा तशाच ठेवल्या, ऐकण्यापुरत्या वेगळ्या प्रती केल्या. मूळ फाईल कितीही गरीब असो, तिच्याइतकी खरी दुसरी नसते.

रेकॉर्डरची गोष्ट मात्र मला जन्मभर पुरेल.

त्यातली एक वेव्ह फाईल शून्य मिनिटं, शून्य सेकंद दाखवायची. प्लेअर ती उघडून लगेच बंद करायचा. पण तिचं वजन होतं १०६ एमबी. गाणं नसतं तर एवढं वजन कशाचं? मला आता सवयच लागली आहे: न लागणाऱ्या फायलीला पहिला प्रश्न वजनाचा. शून्य असेल तर आशा सोडा. ४४ बाइट असेल तर मूळ चकती शोधा. भरभक्कम असेल तर धीर धरा, आत कुणीतरी आहे.

झालं होतं असं. वेव्ह फायलीच्या डोक्यावर साधारण ४४ बाइटांची पाटी असते (हा आकडा माझा पिच्छाच सोडत नाही). सेकंदाला नमुने किती, एक नमुना किती बिटांचा, एक कान की दोन (म्हणजे मोनो की स्टीरिओ), आणि पुढे एकूण माल किती. मालाचा आकडा रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरला जातो. आमचे सेल मध्येच संपले, आकडा भरायचा राहिला. पाटी म्हणते आत काही नाही, आणि प्लेअर बिचारा पाटीवर विश्वास ठेवतो.

यावर उपाय म्हणजे पाटीकडे दुर्लक्ष करून माल तसाच उचलायचा. ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्रॅम आहे, २०००पासून लोकांनी मिळून वाढवलेला. त्यात कच्ची माहिती आत घ्यायची सोय आहे. तो विचारतो: किती बिट? कोणता क्रम? एक कान की दोन? सेकंदाला नमुने किती? रेकॉर्डरचं माहितीपत्रक केव्हाच हरवलेलं. मी अंदाजानं भरत गेले. पहिल्यांदा बिट चुकले, तर तापल्या कढईत ओली भजी सोडल्यासारखा चरचराट. दुसऱ्यांदा बिट बरोबर आले, पण एका कानाचा आवाज दोन कानांचा म्हणून वाचला गेला, आणि आत्ती दुप्पट वेगानं, चिमण्यांच्या आवाजात भराभरा काहीतरी सांगून गेली. माणूस ओळखू येईना, पण चाल ओळखू आली. म्हणजे जवळ पोचलो होतो. तिसऱ्यांदा एक कान केला, आणि नमुने घाईत ४४,१०० च्या जागी २२,०५० निवडले गेले.

आजोबा गायला लागले.

आजोबा १९९१ मध्ये गेले, त्यांचा आवाज कुठेही नाही. पण आत्तीचा आवाज अर्ध्या वेगानं, एक सप्तक खाली, जड, छातीतून आलेला, शब्दाच्या शेवटी किंचित ओढ. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा कुठं मिळालं तुला?" मला उत्तर सुचेना. खरंतर चूक होती ती, एका खान्यात चुकीचा आकडा. पण मी ती थांबवली नाही. चाळीस मिनिटं बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. मग मी आकडा बरोबर केला आणि त्यांची बहीण परत आली, वीस मिनिटांची. दोन्ही फायली ठेवल्यात.

त्या रात्री मला केसरबाई आठवल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन तबकड्या आकाशात गेल्या, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी दरबारी गवई. आमच्या गावच्या मातीतली ती गायकी सूर्यमालेच्या कडेपर्यंत पोचली, याचा अभिमान इथल्या गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला आहे. मला मात्र त्या रात्री तबकडीपेक्षा तिच्या झाकणाचं मोल कळलं. झाकणावर कोरलंय की ही वाजवायची कशी: सुई कुठे ठेवायची, एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागले पाहिजेत. सेकंद हे आपलं माप, ते परक्या जिवाला कसं कळणार? म्हणून वेळ हायड्रोजनच्या अणूच्या मापानं दिलीय. सोबत सुईसुद्धा पाठवलीय. ही पाटी नसती आणि कुणी अर्ध्या वेगानं वाजवली असती, तर त्यांना केसरबाईंच्या जागी कुणी वेगळंच गाताना मिळालं असतं, आणि ते चुकलेत हे सांगायला तिथे कुणी नसतं. माझ्या घरी सांगायला मी होते. मला चाल माहीत होती. खराब फाईल दुरुस्त करायला प्रोग्रॅम लागतो हे खरं, पण ती दुरुस्त झाली की नाही हे ठरवायला त्या माणसाला ओळखणारा कान लागतो. म्हणून हे काम मागे टाकू नये असं मला कळकळीनं वाटतं. कान आहेत तोवर करा.

व्हॉट्सॲपचं फार सांगण्यासारखं नाही. आवाज ओपस पद्धतीत असतो, गाडीतल्या जुन्या प्लेअरला तो कळत नाही, ‘एफएफएमपेग’मध्ये एका ओळीची आज्ञा देऊन एमपीथ्री करून दिला. ओपसमध्ये आवाज कमी जागेत छान राहतो, बांगड्यासुद्धा थोड्या ऐकू येतात. पण आत्तीचे सहा निरोप मी त्या वेळी जपून ठेवलेच नाहीत. आता ते कुठेच नाहीत. त्याला कसलंही औषध नाही.

राहिली पंचमी.

२०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती केव्हाच मागे पडली होती आणि पाणी दुधाळीच्या बाजूनं वर सरकत होतं. आत्ती घर सोडायला तयार नव्हती. बाबा रिक्षा घेऊन गेले आणि तिला बोचक्यासकट राजारामपुरीत आमच्या घरी घेऊन आले. पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीला पंचाहत्तरीचा मुराळी न्यायला गेला होता. रात्री वीज गेली. मेणबत्ती लावली. आत्ती उंबऱ्याशी पाय पसरून बसली, बाहेर पाऊस. म्हणाली, "लाव तुझा फोन, मी म्हणतो." आमच्या इकडच्या बायका अशाच बोलतात, मी म्हणतो, मी जातो. मी फोन लावला. बॅटरी कमी होती, पण चार्ज करायला वीज कुठली?

जुन्या ओव्या झाल्या आणि मग तिनं तिथल्या तिथे जुळवली:

पंचमीच्या सणाला । आला मुराळी रिक्षानं
पंचगंगा मागं मागं । निरोप देती पाण्यानं

मग एक ओवी आईवर, म्हणजे भावजयीवर. तिला आई पोट धरून हसली एवढं मला लख्ख आठवतं. ओवी आठवत नाही. आईलाही नाही. फोन मध्येच कधीतरी बंद पडला होता, आणि आत्ती अंधारात गात राहिली.

ही फाईल एमफोरए. वजन ३६ एमबी. सेकंदाला १६,००० बाइट या हिशेबानं साडेसदतीस मिनिटं. आवाज आत आहे, पण वेव्हसारखा सलग नाही. तो सेकंदाला सुमारे ४३ तुकड्यांत दाबलेला असतो, प्रत्येक तुकडा कमीजास्त लांबीचा, आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो याची यादी एका वेगळ्या कप्प्यात असते. ‘मूव्ह’ म्हणतात त्याला. माझ्या फोननं तो कप्पा रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहायचा ठेवला होता. फोन थांबवला गेलाच नाही, मेला. सुमारे ९७,००० तुकड्यांचा ढीग आहे आणि यादी नाही. इंटरनेटवरच्या दोन-तीन फुकट कन्व्हर्टरांत एक साधं गाणं टाकून बघितलं होतं, पण ही फाईल कुठल्याही परक्या संकेतस्थळावर चढवायला माझं मन घेईना. त्यात घरचं बोलणं आहे.

‘अनट्रंक’ नावाचं एक साधन आहे. त्याला त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, त्याच सेटिंगवर केलेलं धडकं रेकॉर्डिंग नमुना म्हणून द्यावं लागतं. नमुना बघून ते ढिगातले तुकडे ओळखायचा प्रयत्न करतं. तो फोन ड्रॉवरमध्ये होता, बॅटरी फुगलेली. शाहूपुरीतल्या एका कारागिरानं नवी बॅटरी बसवून दिली, फोन उठला. नमुना म्हणून काय रेकॉर्ड करायचं सुचेना, शेवटी आईला सांगितलं, पुराच्या रात्रीबद्दल बोल. ती पाच मिनिटं बोलली. त्या पाच मिनिटांच्या आधारानं आत्तीची एकतीस मिनिटं मिळाली. पावसासकट, बांगड्यांसकट, रिक्षाच्या ओवीसकट. तिथून पुढे साधनाचा अंदाज चुकतो आणि नुसता खरखराट येतो. आईवरची ओवी त्या पलीकडे आहे.

मूळ फाईल मी तीन ठिकाणी ठेवली आहे, तिचं नावही बदललेलं नाही. साधनाची नवी आवृत्ती आली की पुन्हा लावून बघते. मागच्या खेपेला एकतिसाव्या मिनिटानंतर अकरा सेकंद जास्त मिळाली. त्यात गाणं नाही. आत्ती श्वास घेते, आणि म्हणते, "वैनी, आता तुजी पाळी."

आई ते रोज एकदा लावायला सांगते.